आधी गल्ल्या मोडा, मग संघ पाडा: पोरांना हिंसक कट्टरतेपासून लांब ठेवणारा सराव कसा उभारायचा

कुर्ल्यात आम्ही भरवलेली पहिली कबड्डी स्पर्धा उपांत्य सामन्यातच थांबवावी लागली. हेतू चांगला होता. दोन वस्त्यांची पोरं एका मैदानावर यावीत म्हणून तीन आठवडे राबलो होतो. पण प्रवेश अर्जात ‘संघाचे नाव’ असा एक रकाना होता आणि तो ज्याने त्याने आपापल्या गल्लीच्या, मंडळाच्या नावाने भरला. उपांत्य सामन्याला मध्यरेषेच्या एका बाजूला एका धर्माची सात पोरं उभी राहिली, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या धर्माची सात, आणि दोरीबाहेर दोन्हीकडचे मोठे भाऊ. घोट्याची एक पकड जरा जास्त वेळ धरली गेली. पंचाची शिट्टी कोणाला ऐकूच गेली नाही. ‘शाब्बास’च्या जागी घोषणा सुरू झाल्या, मग खुर्ची आली. एकाच्या डोक्याला चार टाके पडले आणि त्यावर निभावलं. पण जी पोरं आधी निदान नाक्यावर एकमेकांना मान हलवायची, ती पुढचे चार महिने एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकेनात.

खेळ आपोआप माणसं जोडतो, असं आपण भाषणात म्हणतो. तसं होत नाही. खेळ पोरं जमवतो आणि जमलेली पोरं कोणीही वापरू शकतं. १९९० मध्ये युगोस्लाव्हिया फुटायच्या बेतात असताना अर्कान नावाच्या गुंडाने रेड स्टार बेलग्रेड या फुटबॉल क्लबच्या समर्थकांमधूनच आपली निमलष्करी टोळी भरली होती. स्टेडियममध्ये शिस्तीत एका सुरात ओरडणारी पोरं त्याला आयती मिळाली. म्हणून सराव कसा आखायचा, हे पोरं जमवण्याआधी ठरवावं लागतं. आपल्या वस्तीत असं काही सुरू करावं असं ज्यांना वाटतंय, पण हाताशी फक्त एक शिट्टी आणि चार ओळखी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पायरी १: दोन आठवडे नुसतं फिरा

मैदान शोधायच्या आधी वस्तीत संध्याकाळी साडेसहा ते नऊ फिरा. कोणत्या टपरीवर कोण बसतं, जिममध्ये कोण जातं, मंडळाच्या ऑफिसात कोण असतं, मशिदीबाहेर, बुद्धविहाराच्या पायरीवर, नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानात कोण घोटाळतं, ते बघा. दहावीत अडकलेली, बारावीनंतर काहीच न करणारी, डिलिव्हरीच्या दोन ऑर्डरींमध्ये मोटरसायकलवर बसून राहणारी पोरं कोणती, ते ओळखा. वहीत नावं लिहू नका, फक्त ठिकाणं आणि वेळा लिहा.

आणि ऐका. भडकवणारा माणूस पोराला तत्त्वज्ञान देऊन ओढत नाही. पोराच्या मनात आधीच एक ठसठस असते, तिला तो नाव देतो. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली गेलेली असते. गाडी अडवून पोलिसाने मित्रांसमोर कानाखाली मारलेली असते. बापाचं काम सुटलेलं असतं, घरात कोणी नीट बोलत नसतं. अशा पोराला कोणीतरी सांगतं की तुझ्या सगळ्या दुःखाला ‘ते’ जबाबदार आहेत, तू साधासुधा पोरगा नाहीस, तू रक्षक आहेस, आणि आम्ही तुझे भाऊ आहोत. अपमानाला कारण मिळतं, एकट्याला टोळी मिळते, रिकाम्या हाताला मोठं काम मिळतं. हे सगळ्या धर्मांत, सगळ्या झेंड्यांखाली घडतं. तुमच्या सरावाने यातल्या निदान दोन गोष्टी पोराला आधीच द्यायच्या आहेत: आपली माणसं, आणि काहीतरी जमल्याचा मान. तिसरी गोष्ट, म्हणजे अन्याय झाला तर तो बोलून दाखवायची जागा, देता आली तर फारच उत्तम.

पायरी २: नाव साधं ठेवा

‘कट्टरताविरोधी क्रीडा उपक्रम’ असा बॅनर लावलात तर पहिल्याच दिवशी घात होईल. ज्या गल्लीत बॅनर लागेल ती गल्ली संशयित ठरते. आई पोराला पाठवत नाही आणि पोरगाही विचारतो, “सर, आम्ही अतिरेकी दिसतो का?” सरावाला सराव म्हणा. कबड्डी, सोमवार, बुधवार, शनिवार, सात वाजता. देणगीदाराला किंवा संस्थेला हेतू सांगायचा असेल तर अर्जात सांगा, आणि तिथेही कोणा एका समाजाचं नाव घालू नका. आमच्या एका अर्जात तसं नाव घालायची सूचना आली होती. आम्ही ते पैसे सोडले आणि त्याचं आजवर वाईट वाटलेलं नाही.

पायरी ३: खेळ कोणता

ज्या खेळात सगळ्यांना सतत भाग घ्यावा लागतो, तो. टेनिस बॉल क्रिकेट पोरांना सगळ्यात प्रिय, पण त्यात दोन दांडगे बॅटिंग करतात आणि बाकीचे उन्हात उभे राहतात. फुटबॉल चांगला, पण जागा मोठी लागते. नागपाड्यात बास्केटबॉलची जुनी परंपरा आहे. तिथे असाल तर तोच घ्या, वस्तीच्या रक्तात असलेला खेळ सोडून दुसरा लादू नका. आम्ही कबड्डी घेतली. १३ बाय १० मीटर जागा, मऊ माती, एक पोतं फक्की, बस्स. लालबाग-परळपासून कुर्ल्यापर्यंत प्रत्येक वस्तीत एखादा जुना गडी सापडतोच, ज्याचा गुडघा गेलाय पण डोळा अजून शाबूत आहे. त्याला गाठा.

कबड्डी घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. या खेळात बाद झालेला गडी परत आत येतो, पण स्वतःच्या जोरावर येत नाही. दुसऱ्या कोणीतरी समोरचा गडी टिपावा लागतो, तेव्हा तो आत येतो. जो आधी बाद झाला तो आधी आत, तिथे आवडनिवड नाही. तुझी चढाई संपते तेव्हा बाहेर बसलेला कोण उठतो, हे तू ठरवत नाहीस. ज्याच्याशी तू आठवडाभर बोललेला नाहीस, तोही असेल. आमच्या सरावात तो गडी आत येताना चढाई करणाऱ्याच्या हातावर टाळी देतो. एवढाच नियम आम्ही जोडला आहे.

मुलींचं मात्र पहिल्या दिवसापासून ठरवा. मुंबईला लागून असलेल्या मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेने वेगवेगळ्या धर्मांच्या मुलींना फुटबॉलसाठी एकत्र आणलं आणि मुलींना मैदान मिळावं म्हणून पाठपुरावा केला. ‘नंतर बघू’ म्हटलं की मैदान पोरांचं होऊन बसतं आणि मग वेळ मागून घ्यावी लागते. आमच्याकडे मुलींचा सराव संध्याकाळी साडेपाचला असतो, कारण उजेडात घरी पोचायचं असतं. त्यांची प्रशिक्षक बाईच आहे.

पायरी ४: जागा आणि वेळ

मैदान कोणाचं, हे प्रत्येक वस्तीत सगळ्यांना माहीत असतं, कागदावर काहीही असो. एका मंडळाच्या दारातलं किंवा एका प्रार्थनास्थळाला लागून असलेलं मैदान घेतलंत तर अर्धी पोरं येणार नाहीत. महापालिकेच्या शाळेचं पटांगण बरं. तिथे दोन्हीकडच्या आया स्वतः शिकलेल्या असतात. परवानगीसाठी वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, एक प्रत स्थानिक पोलिस ठाण्यात ठेवा. स्पर्धा असेल आणि माईक असेल तर रात्री दहाला तो बंद झालाच पाहिजे.

पोराचा मैदानापर्यंतचा रस्ता एकदा स्वतः चालून बघा, रात्री साडेआठला. तो कोणत्या गल्लीतून जातो, तिथे कोण बसलेलं असतं? आमचा एक राइट कॉर्नर, म्हणजे उजव्या कोपऱ्यात पकडीला उभा राहणारा गडी, सलग सहा दिवस आला नाही. आम्हाला वाटलं कंटाळला. घरी गेल्यावर कळलं, परतीच्या रस्त्यात एका कट्ट्यावर त्याला रोज नावावरून डिवचत होते. मग दोन वेगळ्या गल्ल्यांतले चार जण त्याच्याबरोबर घरापर्यंत जायला लागले. हे आम्ही सांगितलं नव्हतं, लेफ्ट कॉर्नरने परस्पर ठरवलं.

सणांचं वेळापत्रक भिंतीवर लावा. रमझानमध्ये उपाशीपोटी दमाचा खेळ घ्यायचा नाही. तेव्हा आमचा सराव तरावीहनंतर, म्हणजे रमझानमधल्या रात्रीच्या खास नमाजानंतर, दिव्याखाली, निम्म्या वेळेचा असतो आणि तो सगळ्यांसाठीच तसा असतो, रोजा नसलेल्यांसाठी वेगळा नाही. गणपतीत दहा दिवस सुट्टी. भीमजयंतीच्या आठवड्यात निम्मी पोरं तयारीत असतात, तेव्हा सामने ठेवू नका. दहावीच्या परीक्षेत मैदानावर अभ्यासाची जागा करून दिलीत तर आया तुम्हाला विसरणार नाहीत.

पायरी ५: संघ पाडणं

बाकी सगळं चुकलं तरी सुधारता येतं. इथे चुकलात तर खेळच उलटतो.

उत्तर प्रदेशात मॅथ्यू लो या अर्थशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून एक प्रयोग केला. त्याचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण कोणत्या संघात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. ज्यांना दुसऱ्या जातीचे गडी आपल्या संघात सोबती म्हणून मिळाले, त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. ज्यांना ते समोरच्या संघात प्रतिस्पर्धी म्हणूनच जास्त भेटले, त्यांच्याबाबतीत उलटा परिणाम दिसला. म्हणजे एका मैदानावर येणं पुरेसं नाही. एका बाजूला उभं राहावं लागतं. आमची पहिली स्पर्धा का फुटली, ते मला हे वाचल्यावर नीट कळलं.

खरं तर मुंबईला हे फार आधीपासून माहीत असायला हवं होतं. याच शहरात १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी क्रिकेट सामने व्हायचे आणि संघ धर्मावर पाडलेले असायचे: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शेवटी ‘इतर’. मरीन ड्राइव्हवरून जाताना हिंदू, पारशी, इस्लाम अशी जिमखान्यांची नावं अजून वाचायला मिळतात. क्रिकेट उत्तम होतं, गर्दी अफाट होती. पण देशातलं वातावरण तापत गेलं तशी ही वाटणी डोळ्यांत खुपू लागली. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर संघ पाडण्याला विरोध केला आणि १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली. त्याच इतिहासात पालवणकर बाळू आहे. हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज, पण दलित. पुण्याच्या क्लबात सुरुवातीला त्याला चहा बाहेर, वेगळ्या कपात मिळायचा. त्याला स्वतःला कप्तानपद कधी मिळालं नाही. १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला, तोवर बाळूची कारकीर्द मावळली होती. एकाच संघात खेळूनही कप वेगळा राहू शकतो. म्हणून आमच्याकडे पाण्याचा एकच पिंप आणि त्याला साखळीने बांधलेले दोनच पेले आहेत. घरून बाटली आणायची नाही.

प्रत्यक्षात आम्ही असं करतो:

- नाव एकेकट्याचं घ्यायचं, संघाचं नाही. अर्जात नाव, वय, शाळा किंवा काम, पालकाचा फोन आणि रक्तगट. गल्लीचा रकाना काढून टाकलाय.
- पहिले दोन आठवडे फक्त खेळ बघायचा. चढाईवाले, कोपरे, कव्हर असे ढीग करायचे, मग प्रत्येक ढिगातून चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठीत तीन सख्खे शेजारी एकत्र आले तर परत काढायची. हे पोरांना उघड सांगून करा, लपवून केलंत तर विश्वास जाईल.
- संघाला रंगाचं नाव: पिवळा, निळा, लाल, पांढरा. भगवा आणि हिरवा वापरत नाही. निळ्यावरूनही एकदा चर्चा झाली. तो पोरांनीच बहुमताने ठेवला.
- संघ निदान दोन महिने तोच ठेवायचा. दर आठवड्याला बदललात तर कोणी कोणाचं होत नाही.
- पकडीसाठी हातात हात घालून साखळी धरताना शेजारचा हात कोणाचा, हे प्रशिक्षक ठरवतो. दोन मित्रांना एकमेकांच्या बाजूला उभं करत नाही.
- कप्तान दर दोन आठवड्यांनी बदलतो. ज्याला कोणी कधी कप्तान केलं नसेल, त्याला आधी.

पहिल्या महिन्यात कुरकुर होईल, दोघेतिघे सोडून जातील. त्यांच्या घरी एकदा जा. दुसऱ्यांदा जाऊ नका, दार उघडं आहे एवढं कळवा. आमचे निम्मे परत आले.

पायरी ६: दीड तास कसा घालवायचा

वीस मिनिटं धावणं आणि अंग मोकळं करणं, पन्नास मिनिटं कौशल्य आणि सामना, शेवटची वीस मिनिटं मातीतच गोल करून बसणं. नव्या माणसाला या शेवटच्या वीस मिनिटांचं महत्त्व वाटत नाही. उशीर झाला की तीच कापली जातात. सामना कापा, गोल कापू नका.

गोलात प्रवचन नको. एक प्रश्न, तोही खेळातून निघालेला. “आज तू कोणामुळे आत आलास?” “पंचाचा निर्णय चुकला तेव्हा तू काय केलंस, आणि का?” “पकड सुटल्यावर पहिली शिवी कोणाच्या तोंडून आली, ती कशाबद्दल होती?” शिवीत जात किंवा धर्म असेल तर त्या चढाईचा गुण रद्द, हा आमचा नियम आहे. तो पोरांनी स्वतः मतदान करून केलाय, म्हणून टिकतो. ज्यांना बांधीव अभ्यासक्रम हवा असेल त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाचा ‘लाइन अप, लिव्ह अप’ बघावा. १३ ते १८ वयोगटासाठी त्यात १० सत्रं आहेत. खेळता खेळता राग आवरणं, दबावाला नाही म्हणणं, ऐकलेलं पारखून घेणं अशी कौशल्यं त्यात येतात. मात्र त्यातली उदाहरणं बदलून आपल्या नाक्यावरची घाला.

एक संध्याकाळ सांगतो. एका पोराने फोन पुढे केला. व्हिडिओत एक जमाव एका माणसाला मारत होता, खाली मजकूर होता की हे काल शेजारच्या उपनगरात घडलं. गोलात शांतता पसरली. दोन पोरं एकमेकांपासून जरा सरकून बसली, मला ते स्पष्ट दिसलं. मी काही बोलायच्या आत आमचा एक चढाईवाला, जो गॅरेजमध्ये काम करतो, म्हणाला, “सर, मागे उभ्या गाडीची नंबरप्लेट बघा. आपल्याकडची नाही.” मग सगळी डोकी त्या फोनवर वाकली. दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे, लोकांनी अंगावर काय घातलंय, ऊन आहे की पाऊस. मुंबईत त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि व्हिडिओत रस्ता कोरडा होता. त्यानंतर आमच्या ग्रुपचा नियम झाला: व्हिडिओ आला की पुढे ढकलायच्या आधी दम धरायचा आणि तीन गोष्टी शोधायच्या. कुठला, कधीचा, पाठवणाऱ्याला तो कोणी दिला. चढाईतही दम सुटला की गडी बादच होतो, त्यामुळे ‘दम धर’ हा शब्द पोरांनी लगेच उचलला. आता कोणी काही टाकलं की खाली चारपाच जण तेवढंच लिहितात.

पायरी ७: शिकवणारी माणसं

निदान दोघे हवेत, वेगवेगळ्या समाजातले. पोरं तुमचं भाषण ऐकत नाहीत. तुम्ही दोघे एकमेकांशी कसे बोलता, चहा कसा अर्धा अर्धा करता, ते बघतात. प्रत्येकाचं पोलिस पडताळणी प्रमाणपत्र घ्या, ओळखीचा असला तरी. अल्पवयीन पोराबरोबर कोणीही मोठा एकटा बंद खोलीत बसणार नाही. पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक आहे, हे सगळ्यांना पहिल्याच बैठकीत वाचून दाखवा.

पैशाचं थोडक्यात: टी-शर्टवर कोणाचाही फोटो नको. निवडणूक जवळ आली की मॅट, ट्रॉफी, स्पीकर सगळं चालून येतं. एकाचं घेतलंत की मैदान त्याचं झालं. वर्गणी, जुन्या गड्यांची मदत, दुकानदारांचं पाणी आणि केळी यावर वर्ष निघतं.

पायरी ८: पोलिसांशी नातं

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली, मग १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७. त्या काळात भिवंडी मात्र शांत राहिली, जी १९७० आणि १९८४ मध्ये पेटली होती. तिथे पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. पोलिस आणि दोन्ही समाजांचे लोक काहीही घडलेलं नसताना नियमाने भेटत होते. मुंबईतही दंगलींनंतर निवृत्त पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलिस आयुक्त सतीश साहनी आणि इतरांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. त्यांनी शांततेसाठी क्रिकेटचे सामनेही भरवले, त्यात वस्तीतले तरुण आणि पोलिस खेळले.

यातून घ्यायचं ते हे की ओळख आधी करून ठेवा. बीटचा हवालदार महिन्यातून एकदा मैदानावर येऊ दे, गणवेशाशिवाय. पण ‘पोलिस विरुद्ध पोरं’ असा सामना लावू नका. त्यांनाही चिठ्ठीत घाला, एक निळ्यात, एक पिवळ्यात. आमच्या मैदानावर बाद झालेल्या एका हवालदाराला एका पोराने समोरचा गडी टिपून आत घेतलं, तेव्हा मागे बसलेल्या आयांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी एक रेघ स्पष्ट आखा: प्रशिक्षक खबरी होणार नाही. कोण काय बोललं, कोणाच्या घरी कोण आलं, याच्या याद्या आपण देणार नाही, हे पोलिस ठाण्यातही शांतपणे सांगा आणि पोरांनाही. अपवाद एकच, तो पुढे येतोय.

पायरी ९: एखाद्याची काळजी वाटू लागली तर

दाढी, टोपी, टिळा, नमाज, उपास, पारायण यांतलं काहीही धोक्याचं लक्षण नाही. श्रद्धा वाढणं म्हणजे कट्टरता नव्हे. हे नीट समजलं नसेल तर हे काम हातात घेऊ नका, पोरांचं नुकसान कराल. बघायचं ते वेगळं: जुने मित्र अचानक तोडणं, माणसांऐवजी सतत ‘ते लोक’ म्हणणं, मारहाणीचं समर्थन करणं, दुसरा फोन आणि न सांगता येणारे पैसे, हत्याराबद्दलचं कुतूहल. यातलं एखादं दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही. प्रेमभंगातही पोरगा असाच वागतो. तीनचार एकत्र दिसली तर बसून बोला, मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी.

वाद घालू नका. “तुला हे कोणी सांगितलं” ऐवजी “तुला काय झालंय” असं विचारा. एक पोरगा महिनाभर अंगारासारखा बोलत होता. त्याच्या बहिणीला लोकलमध्ये कोणीतरी त्रास दिला होता आणि तक्रार लिहून घेतली गेली नव्हती. आम्ही तिघे त्याच्याबरोबर पुन्हा गेलो, तक्रार नोंदली गेली. त्यानंतर तो मवाळ झाला असं मी म्हणणार नाही, पण सराव त्याने सोडला नाही आणि ज्या भडकवणाऱ्या ग्रुपमध्ये तो होता, त्यातून बाहेर पडला.

मन फार खचलेलं दिसलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६. अठराच्या आतल्या मुलाला त्रास होत असेल तर १०९८. आणि कोणी कोणाला इजा करण्याची ठोस तयारी करतंय असं कळलं, वेळ, जागा, हत्यार असं काही ऐकलं, तर ११२, लगेच. तिथे नातं सांभाळत बसायचं नाही. हाच तो अपवाद, आणि तो पोरांना पहिल्या दिवशी सांगितलेला असला पाहिजे.

पायरी १०: शहर तापलं त्या दिवशी

येईलच असा दिवस. दुपारी चारच्या आत प्रत्येक संघाच्या कप्तानाने आपल्या संघातल्या प्रत्येकाला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. आवाज ऐकायचा. कोण कुठे आहे ते वहीत लिहायचं. जमावबंदी नसेल आणि पालक तयार असतील तर सराव लवकर, उजेडात, सामन्याशिवाय. नाहीतर नुसते फोन. धारावीत दंगलींनंतर भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी मिळून वर्षानुवर्षं एकोप्याचं काम केलं. त्यांना मैत्रीसाठी कोणता मुहूर्त लागला नाही. आपल्यालाही ही मैत्री साध्या दिवसांतच कमवून ठेवावी लागते.

पायरी ११: काय मोजायचं

ट्रॉफ्या मोजू नका. इराकमध्ये आयसिसच्या पाडावानंतर सलमा मूसा या संशोधिकेने विस्थापित ख्रिस्ती पोरांच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मध्ये आलेल्या तिच्या अभ्यासात दिसलं की असे खेळाडू पुढच्या हंगामातही मिश्र संघात नाव द्यायला, सोबत सराव करायला जास्त तयार होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचं वागणं तेवढं बदललं नाही. हे वाचून मी निराश झालो नाही, सावध झालो. संघातला मित्र ‘आपला’ होतो आणि त्याची गल्ली परकीच राहते. म्हणून मैदानावरचं नातं घरात न्यावं लागतं. दर महिन्याला एका संघाने एका गड्याच्या घरी जेवायचं, घर पाळीने. पहिल्यांदा आया घाबरतात, काय रांधायचं विचारतात. “घरात असतं ते,” एवढंच सांगा. आमच्याकडे पोलिस भरतीची तयारीही एकत्र होते. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, पहाटे साडेपाचला. पोटाच्या प्रश्नासाठी एकत्र धावलेली पोरं एकमेकांच्या घरचे हाल जाणतात.

माझ्या वहीत तीनच रकाने आहेत: किती आले, घरी कोण कोणाबरोबर गेलं, आणि या महिन्यात कोण कोणाच्या घरी पहिल्यांदा जेवलं. पहिले तीन महिने तिसरा रकाना कोरा राहील. राहू द्या.

सुरुवात करायची असेल तर येत्या शनिवारी जा, सातच्या ऐवजी सहाला. फक्कीचं पोतं फोडा आणि जवळ घुटमळणाऱ्या पहिल्या दोन पोरांना दोरी धरायला सांगा, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघांची नावं विचारा. मध्यरेषा आखून होईपर्यंत आणखी सहाजण आलेले असतील.